तिहुआना नदीस कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्रीमती तिहुआना नदी,
कायमचा पत्ता : बाहा कॅलिफोर्निया, मेक्सिको.
सध्याचा मुक्काम : इम्पीरियल बीच, जिल्हा सॅन डिएगो, अमेरिका.

विषय : सांडपाण्यासह वारंवार केलेल्या सीमोल्लंघनाबाबत खुलासा.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपण गेली कित्येक दशके मेक्सिकोतून अमेरिकेत शिरत आहात आणि आपल्याकडे कागदाचा एक कपटा नाही. प्रस्तुत लेखक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीबाहेर रांगेत उभा राहून इथवर आला आहे. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचं पासबुक, लग्नाचा अल्बम, सगळं काखोटीला मारून. खिडकीपलीकडच्या साहेबाने अल्बमची पानं उलटताना सासूबाईंच्या फोटोवर का थांबावं, हे अजून कळलेलं नाही. आपल्याला मात्र कोणी काही विचारत नाही. सीमेवरच्या सॅन इसिड्रोच्या नाक्यावर माणसं तासन् तास गाड्यांत खोळंबलेली असतात आणि आपण त्यांच्या शेजारून, काँक्रीटच्या पात्रातून, फेसाळत निघून जाता. पोलादी कुंपण थेट समुद्रात नेऊन रोवलं, तरी आपल्या चालीत फरक नाही. ही बेशिस्त झाली.

कारवाईआधी आपली फाइल मागवली. ती मागवायला नको होती, असं आता वाटतं.

जन्मस्थानाच्या रकान्यापासूनच घोळ आहे. कॉटनवुड क्रीक हा आपला एक प्रवाह उगम पावतो सॅन डिएगो जिल्ह्यातल्या लागुना डोंगरात. तिथून तो दक्षिणेला मेक्सिकोत उतरतो, आलामार हे नाव घेतो आणि तिहुआना शहरात आपल्याला मिळतो. म्हणजे आपण निदान काही अंशी जन्माने अमेरिकन! मात्र या आधारावर नागरिकत्व मागायला जाऊ नका. त्या प्रवाहाचं स्वच्छ पाणी सॅन डिएगो शहराच्या मोरेना आणि बॅरेट या धरणांत अडतं. पहिलं १९१२चं, दुसरं १९२२चं. मेक्सिकोही मागे राहिला नाही. त्याने १९३०च्या दशकात रॉड्रिगेस धरण बांधलं. पिण्याजोगं होतं ते दोघांनी आपापल्या नळांना जोडलं. त्यामुळे पावसाळा सोडला तर आपल्या पात्रात बहुतेक जे वाहतं ते शहराचं सांडपाणी, आणि त्याच्यावर मात्र दोघांपैकी एकही हक्क सांगत नाही. धरणाचं पाणी आमचं, गटाराचं पाणी नदीचं. वाटणी कशी चोख झाली पाहा.

आता सामान. पहिला मोठा पाऊस झाला की आपण टायर घेऊन येता. पलीकडच्या घळींमध्ये, उभ्या उतारावरच्या वस्त्यांत, लोक जुने टायर एकावर एक रचतात, त्यांत माती ठासतात आणि त्या भिंतीच्या आधाराने घर उभं करतात. भिंत सुटली की माती, टायर, प्लास्टिकच्या बाटल्या असा सगळा लोंढा सीमेच्या या बाजूला येऊन साचतो. यातले पुष्कळ टायर कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर झिजून जुन्या मालात मेक्सिकोला विकले गेलेले. ते स्वगृही परतत असतील तर सीमाशुल्क लावायचं की नाही, याबाबत मार्गदर्शन मागवलं आहे.

नोकरीधंद्याची नोंद त्याहून अडचणीची. १९६५पासून मेक्सिकोने सीमेलगत मकिलादोरा कारखाने वसवले. कच्चा माल उत्तरेचा, मजूर दक्षिणेचे, पक्का माल पुन्हा उत्तरेला. १९५०मध्ये साठ-पासष्ट हजारांचं तिहुआना २०२०च्या जनगणनेत १९ लाखांवर गेलं. गटारं त्या वेगाने कोणी टाकली नाहीत. कारखान्याचा माल ट्रकने येतो, त्याचं बिल असतं, विमा असतो, नाक्यावर सलाम असतो. तो माल बनवणाऱ्यांच्या मोरीतलं पाणी आपण आणता. प्रस्तुत लेखकाला दोन्ही एकाच धंद्याचं उत्पादन वाटतं. पण लेखक कारकून आहे, त्याने असं वाटून घेऊ नये.

दोन्ही सरकारांनी काहीच केलं नाही, असं मात्र म्हणू नका. १९४४चा जलकरार आहे, त्याखाली दोन्ही देशांचा आयोग आहे. १९९०मध्ये ठरलं की आपलं सांडपाणी अमेरिकेच्या हद्दीत शुद्ध करायचं. १९९७पासून तो प्रकल्प चालू झाला, रोज २५ दशलक्ष गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ कोटी लिटर. शहर वाढतच गेलं. मग ऑगस्ट २०२५मध्ये क्षमता ३५ दशलक्ष गॅलनवर नेली, तीही शंभर दिवसांत. शंभर दिवसांत होणारं काम इतकी वर्षं कुठे मुरत पडलं होतं, असा आगाऊ प्रश्न आपण विचारू नये. जुलै २०२५मध्ये नव्या सामंजस्य करारावरही सह्या झाल्या आहेत. त्यातल्या कामांना २०२७पर्यंतचा वायदा आहे.

तोवर इम्पीरियल बीचच्या लोकांनी दम धरावा. डिसेंबर २०२१पासून त्यांचा किनारा जवळजवळ सलग बंद आहे. लाटा पाहायच्या, पाण्यात उतरायचं नाही. सॅटर्न बुलेव्हार्डवर तर आपण कमालच करता. रस्त्याखालच्या पाइपांतून पाणी धबाधबा कोसळतं, त्यावर साबणासारखा फेस चढतो आणि पाण्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड मोकळा सुटतो, सडक्या अंड्यांच्या वासासकट. २०२५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तिथे हा वायू शहरी हवेत असतो त्याच्या हजारो पट मोजला. लोक रात्री खिडक्या लावून झोपतात. यावर उपाय म्हणून घरोघरी हवा शुद्ध करायची यंत्रं वाटली आहेत. नदी साफ होत नाही तोवर निदान दिवाणखाना तरी साफ. सीमेच्या दक्षिणेला याच पाण्याच्या काठी जे राहतात, ते अर्थातच या योजनेत बसत नाहीत.

सबब, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपण लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा आपल्याला उगमाकडे परत पाठवण्यात येईल, आणि चढावर वाहण्याचा खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल.

आपला विश्वासू,
एक रीतसर आलेला

प्रत माहितीसाठी :
मोरेना, बॅरेट व रॉड्रिगेस धरणे. आपले नाव या चौकशीत कोठेही येणार नाही, निश्चिंत असावे.