बोरामणीच्या माळावर काहीच नाही

सोलापूरकर चालत नाही असं कुणी म्हणू नये. आषाढीला तो पंढरपूरपर्यंत चालतो, संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतो, आणि गणपती विसर्जनाला तर एकाच चौकात सहा तास चालतो. पण त्याच्या चालण्याला देव लागतो. देवाचं निमित्त नसताना, सकाळी सात वाजता हमरस्ता सोडून माळात शिरणारा माणूस दिसला की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ निघतो. हातात टमरेल नसलं तर तोही निघत नाही, आणि मग लोक काळजीत पडतात.

आम्हा तिघांना हे सुचलं ते माझ्या भाच्यामुळे. तो इंग्लंडात लीड्सला असतो. दर रविवारी पाठीला पिशवी लावून डोंगरपठारं तुडवतो आणि फोटो पाठवतो. गेल्या ऑगस्टात त्यानं इल्कलीच्या पठारावरचा फोटो पाठवला. पठारभर हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप, मधोमध ‘ट्वेल्व्ह अपोस्टल्स’ नावाचं कांस्ययुगातलं शिळावर्तुळ, शेजारी भाचा आणि या सगळ्यांवर पाऊस. खाली लिहिलं होतं, ‘मामा, हजारो वर्षं उभे आहेत हे दगड! तुमच्याकडे असं काही आहे का?’

अशा प्रश्नावर सोलापूरकर सहसा शेंगाची चटणी पाठवून देतो आणि विषय मिटतो. पण मी तो फोटो गुरुजींना दाखवायला गेलो. गुरुजी इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत, म्हणजे शाळेतून. इतिहासातून कुणी निवृत्त करू शकलेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, माहुरझरी, टाकळघाट-खापा, शां. भा. देवांची उत्खननं असा लोहयुगातला विदर्भ माझ्यासमोर उभा केला. “पण ते सगळं विदर्भात. आपल्याकडे काय?” असं मी म्हणताच त्यांनी २०२५च्या डिसेंबरातलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. बोरामणीच्या माळरानावर पशुपक्ष्यांची पाहणी करणाऱ्या सोलापूरच्या निसर्गप्रेमींना दगडांचा एक गोल चक्रव्यूह सापडला होता. साधारण पन्नास फूट व्यासाचा, पंधरा वेढ्यांचा. बोरामणी म्हणजे हैदराबाद रस्त्यावर वीसेक किलोमीटर. एवढ्या जवळ काही ऐतिहासिक असेल, यावर सोलापुरात चटकन कुणाचा विश्वास बसत नाही.

तिसरे आमचे अण्णा. त्यांचे चादरीचे माग आहेत आणि डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलंय. अण्णा मराठीत व्यवहार करतात, कानडीत घासाघीस करतात आणि राग आला की तेलुगूत शिरतात. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “तिथं नाश्ता काय मिळतोय?”

एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, “बोरामणी गावात उतरणार का फाट्यावर?”

“माळावर,” गुरुजी म्हणाले.

“तिथं काय आहे?”

“काही नाही. दगड आहेत.”

कंडक्टरनं आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एरवी तिकिटामागे लिहून द्यायचे ते सुटे पैसे लगेच, न मागता, हातावर ठेवले.

उतरल्यावर आमचा वाटाड्या भेटला. हा पक्षी बघणारा तरुण पोरगा. वन खात्याला विचारण्याचं काम त्यानंच केलं होतं. त्यानं नियम सांगितले: मोठ्यानं बोलायचं नाही, कचरा टाकायचा नाही, दगडाला हात लावायचा नाही, जागेचा नेमका पत्ता कुणाला द्यायचा नाही. “मग यायचं तरी कशाला बे?” अण्णा कुजबुजले. अण्णांचं कुजबुजणं मागाच्या खडखडाटात घडलेलं आहे; दोन टिटव्या ओरडत उठल्या.

माळ सुरू झाला. इंग्लंडातल्या हेदरचं मला माहीत नाही, पण आपल्या माळाचं एक आहे, तो तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. तो कुसळं देतो. थंडीच्या दिवसांत गुडघाभर गवत पिवळं पडलेलं असतं, आणि त्यातलं एकेक कुसळ तुमचीच वाट बघत असतं. दहा मिनिटांत आमचे मोजे केसाळ झाले. पोरानं एक कुसळ उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. पुढं सुईसारखं टोक, मागं लांब काळपट पीळदार शेपटी. त्यावर त्यानं पाण्याचा थेंब सोडला, आणि ते कुसळ चक्क माझ्या हातावर वळवळत गोल फिरायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बी जमिनीत घुसत जातं. माती आणि मोजा यांतला फरक त्याला शिकवलेला नाही. “केवढं डोकं लावलंय बघा,” गुरुजी कौतुकानं म्हणाले. अण्णा तेव्हा तेलुगूत शिरले होते.

वाट एका वस्तीकडून जात होती. मागून मोटारसायकल आली. तिच्यावर चालवणारा, त्याची बायको, एक पोरगं आणि कडब्याची पेंढी. गाडी थांबली. “बंद पडली का गाडी?”

“नाही. चालतोय.”

“कशाला?”

याला उत्तर नव्हतं. “बसा की मग,” तो म्हणाला. कुठं, हे त्याच्या मनातही आलं नाही. पुढं ट्रॅक्टर थांबला, मग दुधाची गाडी. इंग्लंडात म्हणे चालणाऱ्यांना वाटेनं जाण्याचा हक्क मिळवण्यासाठी झगडावं लागलं. आपल्याकडे न बसण्याचा हक्क मिळवावा लागतो.

वस्तीच्या कडेला आमचा पहिला उभा दगड भेटला. कमरेइतका उंच, शेंदूर फासलेला, अर्धा जमिनीत. गुरुजींचा आवाज बदलला. वीरगळ! खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगापुढे बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेतो याची कीर्ती राहील. गावाची गुरं राखताना किंवा लढाईत मेलेल्या माणसाचं हे स्मारक. प्रागैतिहासिक नव्हे, मध्ययुगातलं. चंद्र-सूर्यांच्या वर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

“आज्जी, हे कोण?” गुरुजींनी ओट्यावरच्या म्हातारीला विचारलं.

“म्हसोबा.”

“म्हसोबा नाही हो, हा वीर आहे. लढाईत मेलेला.”

“असंल,” आज्जी म्हणाल्या. “म्हसोबा म्हटल्याबिगर नारळ कोण फोडंल त्याला?”

गुरुजी निरुत्तर झालेले मी क्वचितच पाहिले आहेत. त्यांनी विषय कॉर्नवॉलला नेला. तिकडे ‘मेरी मेडन्स’ नावाचं एकोणीस दगडांचं वर्तुळ आहे. रविवारी देवाचा दिवस सोडून नाचत बसल्या म्हणून मुलींचे दगड झाले, अशी तिथली दंतकथा. आपल्याकडे हा कायदा विसर्जनाच्या मिरवणुकीला लागू झाला असता तर सोलापुरात वाहतुकीला रस्ता उरला नसता, असं अण्णांचं मत पडलं.

वस्ती मागे पडली आणि खरोखर ‘काहीच नाही’ सुरू झालं. चहूबाजूंनी गवत, मधेच तरवडाचं झुडूप, एखादी बोर, वर आभाळ. पोराला मात्र या काहीच नाहीमध्ये पावलोपावली काहीतरी दिसत होतं. एक धाविक पक्षी तुरुतुरु पळाला आणि एकदम थांबला, तोवर आमचे डोळे पुढं निघून गेले होते. एका दगडाजवळ तो गुडघ्यावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “इकडं या. भारी आहे.” आम्ही श्वास रोखून पाहिलं. लांडग्याची विष्ठा होती. “केस दिसतायत बघा आत.” अण्णा म्हणाले, “मी साखर कमी करायला आलोय, राजा. भूक कमी करायला नाही.”

माळढोकाची गोष्ट त्यानं चालता चालता सांगितली. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. आज देशात दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. पुढं ते १,२२२वर आणलं. दोन्ही वेळा पक्ष्याला कुणी विचारलं नव्हतं. बोरामणीला आंतरराष्ट्रीय विमानतळ व्हायचा होता, त्यासाठी जमीनही घेतली गेली, पण माळढोकाचा माळ आडवा आला. “म्हणजे उडणाऱ्यानं उडणाऱ्याची अडवणूक केली,” अण्णा म्हणाले.

पोरगा पुढं म्हणाला, “इंग्लंडात त्यांचा असाच मोठा बस्टर्ड होता, आपल्या माळढोकाचा भाऊबंद. १८३०च्या दशकात शिकार करून संपवला. २००४पासून रशियातून पिल्लं आणून परत सोडायला लागले. कुठं, सांगा? सॅलिसबरीच्या माळावर. स्टोनहेंज आहे तिथं. लष्कराच्या सरावासाठी राखलेला माळ आहे, म्हणून गवत शिल्लक राहिलं.”

मी थबकलो. म्हणजे जगभर हाच नियम दिसतो. जिथं माणसाला काही करता आलं नाही, तिथं जुने दगड टिकतात आणि लाजाळू पक्ष्यालाही जागा उरते. उसाला पाणी मिळालं असतं तर बोरामणीला ना दगड राहिले असते, ना गवत.

“थांबा,” पोरगा एकदम म्हणाला. “पुढं पाऊल टाकू नका.”

साप असणार म्हणून अण्णा एका पायावर उभे राहिले.

“आलं.”

आम्ही मान वर करून क्षितिजावर पाहिलं. भाच्याच्या फोटोमुळे आमचे डोळे छातीइतक्या दगडांवर लागलेले. “कुठाय?”

“पायापाशी.”

गवताच्या विरळ तुकड्यात, जमिनीसरशी, मुठीएवढे-वीतभर दगड ओळीनं मांडलेले. एका ओळीत दुसरी, दुसरीत तिसरी, मधे माती साचलेली. क्षणभर नुसते दगड दिसले, मग नजर बसली आणि ओळी वळायला लागल्या. पन्नास फुटांची चकली. पंधरा वेढे आणि मधे रिकामी जागा.

गुरुजींनी चप्पल काढली आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. अभ्यासकांचा कयास आहे की हा चक्रव्यूह सातवाहन काळातला, दोनेक हजार वर्षांपूर्वीचा असावा. तेर, म्हणजे जुनं तगर, इथून फार लांब नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे, आणि रोमपर्यंतच्या व्यापाराचा माल तिथून जात असे. अशाच वेढ्यांची आकृती भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या प्राचीन नाण्यांवर आहे. तेव्हा व्यापाऱ्यांच्या वाटेची ही खूण असेल का, असा प्रश्न अभ्यासकांपुढे आहे.

अण्णांचा प्रश्न वेगळा होता. “आत गेलं तर बाहेर कसं यायचं? अभिमन्यूला जमलं नव्हतं.”

गुरुजींनी समजावलं की या जातीच्या चक्रव्यूहात फाटे नसतात. एकच वाट, ती गोल गोल फिरून मधोमध जाते आणि तीच परत बाहेर आणते. हरवायची सोयच नाही.

“मग यापेक्षा आपली तुळजापूर वेस अवघड,” अण्णा म्हणाले. पण त्यांची नजर दगडांवरून हलत नव्हती. ते बोटांनी हवेत काहीतरी मोजत होते. “पंधरा वेढे. मधे मोकळं. दोन रंगांत बसतंय. लाल जमिनीवर पांढरं.” सोलापुरी चादरीचं नवं डिझाइन जन्माला येत होतं.

जेवायला आम्ही चक्रव्यूहापासून लांब एका बोरीखाली बसलो. दूरवर काळवीटांचा कळप चरत होता. काळा नर मान वर करून उभा. इतकी शांतता की गवत हलल्याचा आवाज येत होता. पोरानं ओठांवर बोट ठेवलं. अण्णांनी डबा उघडला, कडक भाकरी काढली आणि मोडली.

कडक भाकरीचा आवाज सोलापूरच्या बाहेर कुणाला सांगून कळणार नाही. काळवीट क्षितिजापलीकडे दिसेनासे झाले.

त्या आवाजाला मात्र एक माणूस आमच्याकडे आला. मेंढ्या, दोन कुत्री, खांद्यावर घोंगडं. आम्ही त्यांना बसवून घेतलं, भाकरी-चटणी दिली. गुरुजींना राहवेना. “मामा, तिकडं ते दगड गोल मांडलेत, तुम्हाला माहीत होते?”

“दगुड? व्हते की. माझ्या आज्ज्याला बी ठावं व्हते. मेंढरं तिकडनं वळवून नेतो आमी.”

“मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?”

मामांनी शेवटचा तुकडा चटणीत बुडवला. “सांगितलं असतं म्हंजे तुमी तवाच आला असता की.”

गुरुजी गप्प झाले. अण्णा मोबाईल खिशात ठेवत म्हणाले, “खरंय बे. फोटो टाकू नका कुणी ग्रुपवर.”

तोवर गुरुजींनी टाकला होता, जागेचं नाव न देता, सातवाहनांवर टिपणासह. पहिलं उत्तर मिनिटाभरात आलं. ‘मस्त! जेवायची सोय आहे का तिथं?’