क्रमवारी, खोकला आणि व्याही

'लांग्या बांग' ही 54 भागांची चिनी मालिका 2015 साली आली. काल्पनिक लियांग राज्याच्या गादीसाठी युवराज आणि राजपुत्र यू एकमेकांच्या मुळावर उठलेले. डोंगरावरच्या लांग्या नावाच्या ठिकाणी पैसे मोजले की उत्तर मिळतं. दोघांनाही एकच उत्तर मिळतं : अमक्याला वश करा, राज्य तुमचं. माल एक, गिऱ्हाइकं दोन!

तो अमका म्हणजे मेई चांगसू. बलाढ्य लढवय्या संघटनेचा म्होरक्या, पण तलवार पेलण्याचंही बळ नाही. शेगडीवर हात शेकतो, खोकतो, बाहीची कड चिमटीत चोळत बसतो आणि बसल्याजागी एकेक मंत्री घरी पाठवतो. दोघे राजपुत्र नजराणे धाडतात. हा मात्र दरबारात कोणी न विचारणाऱ्या राजपुत्र जिंगच्या वाड्याशी चोरवाट जोडून मोकळा.

पण खरा मुरलेला सरदार शिए यू. चारचौघांत तटस्थ, आतून युवराजाचा. खून स्वतः कशाला करायचे? व्याही झुओ डिंगफेंग तलवारबाजांच्या पंथाचा प्रमुख आहेच; त्याला देशहिताचं कारण सांगितलं की काम होतं. हे बिंग फुटतं कुठे, तर घरच्या मुलाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, पाहुण्यांसमोर.

लांग्याने योद्ध्यांची, पंथांची, सुंदरींची, झालंच तर रुबाबदार तरुणांचीही यादी काढली. व्याह्यांची तेवढी राहिली.