माउंट बाल्डी यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. माउंट बाल्डी,
वाळूची टेकडी, मिशिगन सिटीच्या पश्चिमेस,
इंडियाना डून्स नॅशनल पार्क, मिशिगन सरोवराचा दक्षिण किनारा
(पत्ता दरवर्षी काही फुटांनी बदलतो.)

विषय: विनापरवाना स्थलांतर व त्यामुळे होणारी पर्यटकांची गैरसोय

महोदय,

आम्ही शिकागोच्या उपनगरांत राहणारी, उन्हाळ्यात एकदा तरी निसर्गात गेलेच पाहिजे असे मानणारी मराठी मंडळी. डिक्कीत बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, छत्री, थालीपिठांचा डबा आणि चिवड्याच्या पिशव्या भरून आपल्या दारी येतो, तर आपला उतार बंद! पाटीवर लिहिलेले, रेंजर सोबत असल्याशिवाय माथ्यावर जाऊ नये. वाळूच्या ढिगाची भेट घ्यायला वेळ ठरवून यायचे? मंत्रालयात हे चालते; सहलीला आलेल्या माणसाने का सोसावे?

चौकशीअंती कळले की दोष सर्वस्वी आपला आहे. आपण 126 फूट उंच, वयाने वडीलधारे. पण एका जागी बसवत म्हणून नाही. वायव्येचा वारा सुटला की सरोवराकडच्या अंगाची वाळू उचलायची, माथ्यावरून पलीकडे सांडायची आणि इंच-इंच करत दक्षिणेला सरकायचे. वाटेत ओकची झाडे आली, ती उभीच्या उभी गाडलीत. पुढे आमचा पार्किंगचा तळ आहे, त्याचीही भीड ठेवली नाहीत.

काही खोडसाळ लोक म्हणतात की आपला हा भटकेपणा आम्हीच वाढवला. आपल्या अंगावर मॅरम गवत होते. ते वाळूत गाडले गेले तरी पुन्हा वर येते, मुळांच्या जाळ्यात वाळू धरून ठेवते. पण पायाखाली तुडवले गेले की मरते. आणि तुडवायला पिढ्यान् पिढ्या माणसे येत राहिली. हा आरोप आम्हांस साफ अमान्य आहे. आम्ही फक्त वर जाऊन, स्वच्छ दिवशी पाण्यापलीकडे दिसणाऱ्या शिकागोच्या इमारतींचा फोटो काढला, आणि उतरताना पाऊलवाट लांब पडत होती म्हणून सरळ खाली धावलो. मिशिगन सिटीच्या बंदराच्या भिंतींनी पूर्वेकडून वाहत येणारी वाळू अडवली, म्हणून आपल्या पायथ्याचा किनारा झिजतो, असेही एक कारण सांगतात. त्यावर उपाय म्हणून सरकारी खर्चाने बाहेरून वाळू आणून आपल्यापुढे ओतली जाते. वाळूच्या टेकडीला वाळूचे अनुदान! तरी आपली वणवण थांबत नाही.

जुलै 2013 मध्ये मात्र आपण हद्द केलीत. सहा वर्षांचा एक मुलगा आपल्या अंगावरून चालता चालता एका भोकातून आत गेला आणि तीन तासांहून अधिक काळ वाळूखाली राहिला. तो जिवंत निघाला, हे आपले नशीब. मग शास्त्रज्ञांनी आपली तपासणी केली, तेव्हा गाडलेल्या झाडांचे प्रकरण बाहेर आले. ओकची खोडे आतल्या आत कुजली, भोवतीची वाळू मात्र आकार धरून राहिली आणि खोडांच्या जागी पोकळ नळ्या उरल्या. आपला उतार बंद झाला तो तेव्हापासून. पाटीचे कारण आम्हांस पटते. गैरसोयीची तक्रार तरीही कायम ठेवत आहोत.

वागावे कसे, हे आपल्या थोरल्या बंधूंकडून शिकायला हवे होते. मिशिगन सिटीलाच हूझियर स्लाइड नावाची जवळजवळ 200 फुटांची टेकडी होती. शिकागोहून बोटी भरभरून लोक यायचे, ती चढायचे, माथ्यावर लग्ने लावायचे, घसरत खाली यायचे. आपल्यासारखी ती कोणाच्या तळावर चालून गेली नाही. लोकांनी तिला घमेल्यांनी भरले, रेल्वेच्या वाघिणींत चढवले आणि काचेच्या कारखान्यांना विकले. मन्सी गावच्या बॉल बंधूंनी तिच्या वाळूच्या फळे टिकवायच्या बरण्या केल्या. 1920 पर्यंत टेकडी संपली. आज तिच्या जागी वीज कंपनीचा प्रकल्प उभा आहे. याला म्हणतात समाजाच्या उपयोगी पडणे! आमच्या महाराष्ट्रात वाळू गौण खनिजात मोडते. ती स्वतःहून कधीच हलत नाही; रात्री डंपर येतात आणि सकाळी तलाठ्याला नदीचे पात्र खोल झालेले दिसते. आपल्यासारखी दिवसाढवळ्या, वाऱ्याच्या भरवशावर चालणारी वाळू पाहून आमच्याकडच्या जाणकारांना हसू येईल.

आपली इतर भावंडेही मार्गी लागली. बर्न्स हार्बरजवळची मधली रांग बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यासाठी सपाट झाली आणि तिथली बरीचशी वाळू उच्च शिक्षणासाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेली. म्हणजे विद्यापीठाने तिचा सरोवरात भराव घालून कॅम्पस वाढवला. इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस दुसऱ्या राज्यातल्या या वाळूसाठी वर्षानुवर्षे भांडले. अखेर तडजोड झाली: बंदरही होईल आणि उरलेल्या टेकड्या राखल्याही जातील. 1966 मध्ये त्या तडजोडीचा कायदा झाला. म्हणून आज आमच्या मुलांना पोहताना एका अंगाला टेकड्या आणि दुसऱ्या अंगाला धुराडी दिसतात. फोटोत धुराडी येणार नाहीत असा कोन आम्ही शोधून ठेवला आहे.

आपल्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. 1896 च्या उन्हाळ्यात 64 वर्षांचे अभियंते ऑक्टेव्ह शनूट पश्चिमेला मिलरच्या किनाऱ्यावर ग्लायडर घेऊन आले. वारा हवा तसा होता आणि पडायला मऊ वाळू होती. पुढे राइट बंधूंना त्यांचा सल्ला उपयोगी पडला. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स याच टेकड्यांतून पाण्यापासून आत चालत गेले: आधी उघडी वाळू, मग गवत, मग कॉटनवुड, पाइन आणि शेवटी ओकचे रान. टेकड्या जितक्या जुन्या, तितकी झाडी वेगळी. 1899 मध्ये त्यांनी हे मांडले आणि एक झाडोरा जाऊन दुसरा कसा येतो, या अभ्यासाला पाया मिळाला. आपण सगळे एका जागी बसून राहिला असतात तर बिचाऱ्यांना एवढे चालूनही काही सापडले नसते. पण अशी माणसे वर्षाला किती येतात? आम्ही हजारोंनी येतो.

तूर्त आम्ही शेजारच्या स्टेट पार्कात जातो. तिथले जॅक्सन, होल्डन आणि टॉम, अनुक्रमे 176, 184 आणि 192 फूट, हे तिघे अंगावर झाडी घेऊन सभ्यपणे उभे असतात. दीड मैलात तिघांनाही चढून या, एकूण 552 फूट, की तीन टेकड्यांचे आव्हान पुरे झाले आणि आपण स्टिकर मिरवायला मोकळे. वाळूत दोन पावले वर टाकली की एक पाऊल खाली येते, हा हिशोब त्या 552 त धरलेला नाही. आमचे मेहुणे दुसऱ्या टेकडीच्या निम्म्यावर थांबले आणि खरे दृश्य खालूनच चांगले दिसते असे जाहीर करून डब्यांकडे वळले. स्टिकर मात्र त्यांच्याच गाडीवर आहे.

सबब विनंती की आपण आहात तेथेच थांबावे, अंगावर पुन्हा गवत उगवू द्यावे आणि ते उगवेपर्यंत आम्हांस त्यावरून चढू द्यावे. या दोन मागण्यांत विसंगती आहे असे रेंजरबाईंनी आमच्या निदर्शनास आणले आहे. ती दूर करण्याची जबाबदारी आपली राहील.

कळावे,
आपला,
एक त्रस्त सहलकरी

ता. क. – आपण पार्किंगच्या तळाकडे निघालाच आहात म्हणून कळवतो: 2022 पासून या पार्कात प्रवेशशुल्क सुरू झाले आहे. गाडीमागे 25 डॉलर, आणि तो पास सातच दिवस चालतो. आपला वेग पाहता वार्षिक पास घेतलेला बरा.