शिबिराचे सर

शिबिराचे सर म्हणजे कोण, हे सांगत बसायला नको. तुमच्याही तालुक्यात एक आहेतच. एप्रिल संपता संपता मोटारसायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी गोण्या लटकवून जे गृहस्थ गावोगाव फिरताना दिसतात, ते. गोणीत खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटल्या, फुटका स्पीकर, सायकलच्या वालट्यूबचं भेंडोळं आणि काडेपेट्यांचं अख्खं पुडकं. वाटेत कुणी गमतीनं विचारलं, "काय सर, भंगाराचा धंदा टाकला का?" तर जे थांबतात, गाडी स्टँडवर लावतात आणि गंभीरपणे विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?", तेच ते.

हे "तुला काय वाटतं?" म्हणजे सरांचा जुना आजार. मुलाला उत्तर सांगायचं नाही, त्याच्याकडूनच काढायचं, असं त्यांनी तरुणपणी कुठल्या तरी शिक्षक प्रशिक्षणात ऐकलं आणि तेव्हापासून त्यांनी कोणालाच कशाचंच उत्तर दिलेलं नाही. बाई स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, पिठलं टाकू का?" सर म्हणतात, "तुला काय वाटतं?" बाईंना काय वाटतं ते बाई सांगतात आणि सर त्या रात्री शिळ्या भाकरीवर भागवतात. एका वर्षी सरपंचांनी विचारलं, "सर, शिबिराला शाळेची खोली किती दिवस लागंल?" सवयीनं तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला काय वाटतं?" सरपंचांना दोन दिवस वाटलं. आठवड्याचं शिबिर त्या वर्षी दोन दिवसांत उरकलं.

आमच्या सरांचं निमगाव सावा हे जुन्नर तालुक्यातलं गाव. मे महिन्यात इथं कांदा बराखीत भरायची घाई, लग्नांची घाई आणि त्यातच सरांचं पोरांसाठीचं विज्ञान शिबिर. कांद्याच्या कामात सर कुचकामी. लग्नाला मात्र न चुकता हजर. इतर पाहुणे नवरा-नवरीवर अक्षता टाकायचे, सर सरबताच्या टेबलामागून वापरलेल्या स्ट्रॉ गोळा करायचे. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या स्ट्रॉच्या पिपाण्या व्हायच्या: एक टोक चपटं करायचं, दोन तिरपे काप द्यायचे, ओठात धरून फुंकायचं. वाजत असतानाच कात्रीनं दुसरं टोक कापत गेलं की आवाज चढत जातो. नळी आखूड तसा सूर उंच. चाळीस पोरं चाळीस पिपाण्या घेऊन घरी जायची, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सरांबद्दल काय वाटतं हे विचारायची हिंमत मात्र खुद्द सरांनाही व्हायची नाही. 2022 च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली. सरांनी पर्यावरणासाठी टाळ्या वाजवल्या आणि मग घरी बसून हळहळले, कारण कागदी स्ट्रॉची पिपाणी चार फुंकांत लगदा होते.

बिबट्याचा किस्सा तर अख्ख्या पंचक्रोशीला पाठ आहे. या भागात उसाच्या कडेला बिबट्या ही थट्टेची गोष्ट नाही. माणसं दगावली आहेत, आणि शेतकरी पिकाला पाणी द्यायला दिवसा वीज मागतात ते उगीच नव्हे. त्यामुळं शाळेमागच्या ओल्या मातीत ठसे दिसले तेव्हा पोरं ओरडत वर्गात पळाली आणि दार लागलं. बाहेर राहिले फक्त सर. ते गुडघ्यावर बसून पट्टीनं ठसा मोजत होते. खिडकीतून एक जण ओरडला, "सर, बिबट्याय!" सर मान वर न करता म्हणाले, "कशावरून वाटतं?" मग तिथूनच, बंद दाराच्या पलीकडून, तास सुरू झाला. कुत्र्याच्या ठशात पुढं नखांच्या खुणा उमटतात. मांजराच्या जातीतला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो. या ठशात नखं होती. म्हणजे पाटलांचा कुत्रा. दार उघडलं, पण पुढचे दोन दिवस निम्मी पोरं शिबिराला आली नाहीत. पालकांना जे वाटायचं ते वाटलंच.

सरांच्या देव्हाऱ्यात तीन नावं आहेत आणि ती निघाली की चहा गार होतो. पहिले डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून त्यांनी 1983 साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत नापास झालेल्या पोरांना वेल्डिंग, सुतारकाम, शेती करता करता विज्ञान शिकवलं. 2002 साली अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली ती बंगळुरूला नाही, पुण्यालाही नाही, तर या पाबळला. हे वाक्य सर उभं राहून म्हणतात. दुसरे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनीयर, टेल्कोतून 1978 साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाकडे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या वालट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घरं, पूल करू लागले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात ते पोराच्या बोटांनाच कळतं. पुढं पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली, 2018 साली पद्मश्री मिळाली. सरांची गोणी म्हणजे याच खेळण्यांची तालुका आवृत्ती.

तिसरे गोविंद स्वरूप. त्यांच्यासाठी लांब जावं लागत नाही. त्यांनी उभारलेली खोडदची रेडिओ दुर्बीण जवळच. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, 14 मधोमध आणि 16 तीन फाट्यांवर, सगळा पसारा पंचवीसेक किलोमीटरचा. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथं लोकांना मोकळीक असते आणि शाळांची प्रदर्शनं मांडली जातात. सर पिकअप भरून पोरं नेतात. एकदा तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाला पोरानं विचारलं, "ही तबकडी जाळीची का? पत्रा का नाय लावला?" शास्त्रज्ञ उत्साहानं तोंड उघडतो न उघडतो तोच सरांनी हात आडवा घातला. "थांबा. बाळा, तुला काय वाटतं?" बाळ म्हणाला, "पत्रा वाऱ्यानं उडतो. आमच्या पोल्ट्रीचा उडाला." शास्त्रज्ञ गप्प झाला, कारण उत्तर तेच होतं. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. ही दुर्बीण टिपते त्या रेडिओ लहरी मात्र वीस-एकवीस सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटर लांबीच्या. त्यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या छिद्रांतून निसटता येत नाही. परतीच्या वाटेवर सर इतके खुश होते की त्यांनी पोरांना उसाचा रस पाजला. पैसे कुणी द्यायचे, हे मात्र रसवाल्याला काय वाटतं त्यावर सोडलं.

शिबिरातला मुख्य प्रयोग मोटारीचा. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलच्या दोन टोकांना आवळून धरायला जुन्या ट्यूबची पट्टी, वर फुटक्या स्पीकरचं चुंबक आणि तांब्याच्या वायरीचे दहाएक वेढे. वेढ्यांची दोन टोकं दोन पिनांच्या नाकांत ओवायची. टोकांवरचं एनॅमल पात्यानं खरवडायचं. बहुतेक पोरं दोन्ही टोकं चकाचक खरवडतात, कारण स्वच्छ काम म्हणजे चांगलं काम असं शाळेनं शिकवलेलं. वेटोळं थरथरतं, अर्धं वळतं, परत येतं आणि थांबतं. सरांचा उत्तर न देण्याचा उत्साह इथं शिगेला पोचतो. एका पोरानं चिडून वायर टाकून दिली होती, तासाभरानं पुन्हा उचलली आणि पुटपुटला, "पुढं ढकलतंय आन् तेच मागं वढतंय." तिथंच गाडी अडलेली असते. पहिल्या अर्ध्या फेरीत जो जोर वेटोळ्याला फिरवतो, तोच पुढच्या अर्ध्या फेरीत त्याला उलटा खेचतो. तेवढ्या अर्ध्या फेरीपुरता प्रवाह तोडला की वेटोळं मिळालेल्या वेगावर निघून जातं. म्हणून एक टोक सगळीकडून खरवडायचं आणि दुसरं फक्त एका अंगानं. ज्याच्या घरी बोअरची मोटार दर उन्हाळ्यात जळते, ज्याचा बाप ती भरायला आळेफाट्याला टाकतो, त्या पोराच्या हातात पहिल्यांदा फिरणारी मोटार येते तेव्हा तो काय म्हणतो? काही म्हणत नाही. पाहत राहतो, मग थांबवतो, मग पुन्हा फिरवतो.

आता तालुक्याच्या गावी दुसरी शिबिरं निघाली आहेत. वातानुकूलित हॉल, चकचकीत खोका, खोक्यात रोबो. तुकडे क्रमांकानुसार जोडले की तो चालतोच. न चालण्याची सोयच ठेवलेली नाही. शेवटच्या दिवशी फोटो, टोपी, प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर पोराचं नाव असतं, रोबोवर कंपनीचं. पालक खुश असतात, कारण तिथले सर उत्तरं देतात. निमगावात मात्र पालकांची तक्रार ठरलेली: "आठवडाभर जाऊन पोरगं काय शिकलं? तर उलट आम्हालाच प्रश्न विचारतंय."

सरांचं दुखणं वेगळं आहे. भंगार बदललं. फोटोच्या रोलची काळी डबी गेली, कॅसेट गेली, सीडी गेली. आणि जे येतं ते उघडत नाही. जुन्या रेडिओला चार स्क्रू असायचे. आताच्या मोबाइलला डिंकासारखं काही तरी चिकटवलेलं, स्क्रू असलाच तर त्याचं तोंड चांदणीसारखं. सर त्याच्यासमोर बसून राहतात. कुणीही विचारलं, "काय झालं?" तर पहिल्यांदाच सरळ उत्तर येतं: "उघडत नाही."

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट नाइलाजानं मान्य करावी लागते. सरांचा एकही विद्यार्थी अजून शास्त्रज्ञ झालेला नाही. एक जण मात्र मोटारी भरायच्या दुकानात आहे. त्याच्याकडे जळालेली मोटार नेली, की तो ती उघडायच्या आधी मालकाला विचारतो, "काय झालं असंल, तुम्हाला काय वाटतं?" गिऱ्हाईक वैतागतं, पण बोलता बोलता व्होल्टेज कमी होतं, मोटार कोरडी चालली, हे सगळं बाहेर येतं. दुकानदार म्हणतात, त्यानं भरलेली मोटार परत येत नाही. गिऱ्हाइकाचा वैताग सोसून हे पोरगं तसंच विचारत राहतं, आणि हा हट्ट त्याला कुणी लावला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा यंदा माळा झाडताना बंद पडलेला मिक्सर, फुटका स्पीकर, पंख्याची जुनी मोटार हाती लागली तर भंगारवाल्याला देऊ नका, सरांच्या गोणीत टाका. सेफ्टी पिना जाड बघून द्या. आणि वायर तांब्याची, एनॅमलवाली असेल तरच द्या. प्लॅस्टिकच्या आवरणाची त्या मोटारीला चालत नाही.