जोखीम कुणाची?

कला शाखेच्या मुलांमध्ये उद्योजकता रुजवायचं ठरलं आहे. केंद्राने २०१८ मध्ये कॉलेजांसाठी 'इनोव्हेशन कौन्सिल' आणली. कौन्सिलच्या कामगिरीनुसार स्टारही मिळतात, हॉटेलांना मिळतात तसे. मग काय, इतिहास विभागाच्या दारावर नवी पाटी लागली. आत कपाट जुनंच. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं 'नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या' आणि जिओ-टॅग केलेले फोटो. नॅकच्या फायलीत फोटो नसेल तर कार्यक्रम झालाच नाही.

कल्पना वाईट नाही हो. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, वर जादूचे प्रयोग. यातलं मेजर कुठलं आणि मायनर कुठलं, हे ठरवताना आजचा क्लार्क रडला असता. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून गृहस्थ लंडनला गेले, कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. भांडवलदाराला पटवायला भाषण नाही केलं. वाटाणा पेरला, त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं कॅमेऱ्यात टिपलं आणि पडद्यावर दाखवलं. पैसे मिळाले. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

म्हणजे धंदा कलेला नवा नाही. फक्त फाळक्यांनी स्वतःचं घर पणाला लावलं होतं. आमच्या कौन्सिलमध्ये पणाला लागतो तो चहा-बिस्किटांचा खर्च, आणि त्याचंही व्हाउचर निघतं.

जोखीम घेणारा एक माणूस मात्र स्टाफरूममध्ये असतो, खुर्ची रिकामी असली तर बसलेला. तासिका तत्त्वावरचा मराठीचा प्राध्यापक. सकाळी या कॉलेजात, दुपारी शेजारच्या तालुक्यात. जितके तास तितके पैसे, तेही महिनोन्‌महिने तुंबलेले. मे महिन्यात उत्पन्न शून्य. सेट, पीएचडी हे भांडवल त्याचं, पेट्रोल त्याचं. कायम जागा भरण्याचा विषय निघाला की संस्था शासनाकडे बोट दाखवते, शासन वित्त विभागाकडे. पाटी रंगवायला मात्र कुणाची मंजुरी लागली नाही.

परवा उद्योजकतेचा दोन क्रेडिटचा पेपर कुणाला द्यायचा, असा प्रश्न आला. कायम मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे. तो लगेच हो म्हणाला. आठवड्याला दोन तास वाढले होते.