ह्याला वैरण कुठनं?

प्रत्येक गावात एक पहिलवान असतो, एक भगत असतो, दर निवडणुकीला पडणारा एक उमेदवार असतो आणि एक शास्त्रज्ञ असतो. पहिल्या तिघांचं घर कोणीही दाखवतं. चौथ्याचं विचारलं की दाखवणारा आधी हसतो, मग बोट करतो.

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या या चौथ्याला आपण आबा म्हणू. शेजारच्या निमोण्यात तो नाना असेल, मांडवगणात अण्णा, आणि भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलं की बापू, माल एकच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. दहावीचं गणित राहून गेलेलं, पण पुढे रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी हेल्परकी केल्यामुळे बेअरिंग, बुश आणि शाफ्ट या विषयांत अधिकारवाणी. मोटारीचं दुखणं आबा बांधावर उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगतात: फूटव्हॉल्व्हला कचरा अडकलाय, बेअरिंग गेलंय, का एक फेज उडालाय. हे कसब खरं आहे आणि गावाला मान्यही आहे. गाव हसतं ते त्यांच्या पुढच्या वाक्याला. ते असं, की एकदा ढकललं की पुन्हा कधी थांबणारच नाही असं यंत्र त्यांच्या डोक्यात तयार आहे, फक्त जुळणी बाकी आहे.

जुळणी गेली वीस वर्षं बाकी आहे.

हे वेड आभाळातून पडलेलं नाही. घोड आणि भीमा यांच्यामधल्या या पट्ट्यात ऊस आहे. उसाला पाणी लागतं, पाण्याला मोटार लागते आणि मोटारीला वीज. ती शेतीला पाळीने मिळते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळीत बॅटरी घेऊन सरीत उभं राहायचं आणि त्याच उसात बिबट्याची मादी व्यालेली. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो, म्हणजे बिबट्या इथला कागदोपत्री रहिवासी. अशा रात्री माणसाला देव तरी आठवतो, नाहीतर वीज न मागता चालणारी मोटार. आबांना मोटार आठवली. 2024 मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ केलं, तेव्हा वाटलं होतं की आता शोध आवरता घेतील. आबा म्हणाले, "बिल माफ झालं. रात माफ झाली का?"

पहिली योजना सरळ होती. पाच अश्वशक्तीची मोटार डायनॅमो फिरवणार, डायनॅमोची वीज मोटारीला जाणार आणि उरलेली विहिरीवरच्या पंपाला. सुरुवातीला तेवढी एक बॅटरी लावायची, मग काढून टाकायची. फाट्यावरच्या हॉटेलात चहाचे दोन ग्लास समोरासमोर ठेवून आबांनी हे समजावलं तेव्हा निम्म्या मंडळींना पटलं. घरी काकींना पटलं नाही. काकींच्या गोठ्यात दोन संकरित गाई आणि एक म्हैस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्ये समदं खरं. पण ह्याला वैरण कुठनं?"

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम युरोपात 1840 च्या दशकात मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी मांडला आणि पुढे श्रेयावरून भांडणंही झाली. काकींइतकं आटोपशीर त्यांच्यापैकी एकालाही जमलं नव्हतं.

आबांनी मग योजना सुधारली. विहिरीतलं पाणी उंच टाकीत चढवायचं, तिथून खाली टर्बाइनवर सोडायचं आणि त्या विजेवर तीच मोटार चालवायची. हिशेब करून बघण्यासारखा आहे. शेतीची बरी मोटार 100 युनिटांतून साधारण 85 युनिटं कामाला लावते; बाकीची गरम होण्यात जातात, म्हणून तर तिच्यावर हात ठेवला की चटका बसतो. पंपाने त्यातले 65 टक्के पाण्याला दिले तर उरली 55. टर्बाइनने 70 टक्के पकडले तर 39, आणि जनित्रातून बाहेर पडेपर्यंत 33. शंभराचे तेहतीस करणारा चेअरमन गावाने पहिल्याच सभेत खाली ओढला असता.

आपल्या सरकारनेही हा उद्योग केला आहे, पण डोळे उघडे ठेवून. घाटघरला सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तलावातलं पाणी खाली सोडून 250 मेगावॉट वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा स्वस्तातल्या विजेवर तेच पाणी परत वर चढवतात. अशा प्रकल्पांत चार युनिटं घालावी तेव्हा तीनच्या आसपास हाती येतात. तरी परवडतं, कारण टंचाईच्या वेळेची वीज महाग. आबांना हे सगळं माहीत आहे. त्यातून त्यांनी घेतलं ते एवढंच: "पघा, सरकारनं केलंच की!"

आणि मग नातवाच्या मोबाइलवर आबांना भास्कराचार्य भेटले.

भेट खरी होती, हे मान्य करायला हवं. 1150 मध्ये पुरा झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या यंत्राध्यायात असं चाक आहे. हलक्या लाकडाचं चाक घ्यावं, त्याला सारख्या अंतरावर पोकळ, किंचित वाकडे आरे बसवावेत, प्रत्येक आरा पाऱ्याने अर्धा भरून त्याचं तोंड बंद करावं; दोन टेकूंवर आसात ठेवलं की चाक आपोआप फिरतं. न थांबणाऱ्या चाकाच्या जगातल्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. फ्रान्सच्या व्हिलार द ऑनकूरने आपल्या वहीत असलं चाक काढलं ते पुढच्या शतकात. "म्हंजी मूळ आपलंच हाय," आबा म्हणाले, आणि फाट्यावरची शिकलेली पोरंसुद्धा गप्प बसली. आबांना खोडणं सोपं, भास्कराचार्यांना कोण खोडणार? त्याच अध्यायात भास्कराचार्यांनी सगळ्या यंत्रांत बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र असं सांगून ठेवलंय, पण तेवढं त्या व्हिडिओत नव्हतं.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्यात मठाच्या खर्चाची तजवीज जुन्या मराठीत नोंदली आहे, आणि तीत गावातल्या तेलघाण्यांनी पळी-पळी तेल द्यावं असंही आहे. म्हणजे आपोआप फिरणारं चाक ज्या ग्रंथात, तो शिकवणाऱ्या मठातला दिवा घाण्याला जुंपलेल्या बैलांच्या जिवावर जळत होता. काकींना याचं तिळमात्र नवल वाटलं नसतं.

पारा आबांना परवडला नाही. त्यांनी सायकलची जुनी रिम घेतली. आऱ्यांच्या जागी ठिबकच्या सोळा मिलिमीटर लॅटरलचे हातभर तुकडे, मेणबत्तीवर तापवून पक्कडीने तोंडं दाबलेले. आत अर्धं पाणी, आणि पाणी कुठे पळतंय ते दिसावं म्हणून त्यात काकींच्या बाटलीतली नीळ. काळ्या नळीतून नीळ दिसत नाही हे नंतर लक्षात आलं, मग सलाइनच्या नळ्या आणल्या. मधोमध जळक्या मोटारीचं बेअरिंग, डिझेलने धुऊन लखलखीत केलेलं. सगळा सरंजाम गोठ्याच्या मेढीला ठोकला आणि आबांनी हात लावला. चाक झोकात फिरलं, निळं पाणी खालच्या बाजूला धावलं, चाल मंदावली, शेवटची फेरी पुरी होता होता चाक मागे आलं, दोनदा डुललं आणि थांबलं. म्हैस बघत होती.

"बेअरिंग जाम हाय," आबांनी निदान केलं.

बेअरिंग निर्दोष होतं. उतरत्या बाजूला पाणी आसापासून लांब जातं आणि म्हणून जोराने ओढतं, हे आबांचं म्हणणं बरोबर. पण त्याच वेळी चढत्या बाजूला, आसाच्या जवळ का होईना, पाणी जास्त साठलेलं असतं. लांबचं थोडं आणि जवळचं फार यांची फिटंफाट होते, आणि मग घर्षण आपलं काम सावकाश पुरं करतं. या नादाला कंटाळूनच पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये ठराव केला, की असल्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत. या छंदापायी घरंदारं बुडाली, हेही कारणांत नोंदवलं. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यातही कलम 3 चं पहिलंच पोटकलम सृष्टीच्या सिद्ध नियमांविरुद्धचे दावे बाद करतं. आबांनी अर्ज केलेलाच नाही. मुंबईचे साहेब कल्पना चोरतील, हे त्यांचं अधिकृत कारण.

आबांची आवडती गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे. चार्ल्स रेडहेफर नावाच्या गृहस्थाने 1812 मध्ये फिलाडेल्फियात आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला आपोआप चालणारं यंत्र तिकीट लावून दाखवलं. आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन बघायला गेला. त्याने डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवला: चाकाचा आवाज एकसारखा नव्हता, हाताने फिरवल्यासारखा कमी-जास्त होत होता. त्याने बाजूच्या फळ्या उखडल्या, आत तातीची दोरी सापडली, आणि दोरीच्या टोकाला माळ्यावर एक दाढीवाला म्हातारा एका हाताने भाकरतुकडा खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवत बसला होता. आबा ही गोष्ट सांगताना म्हाताऱ्याची नक्कल करतात. स्वतःच्या यंत्राला ती लावत नाहीत. गावाला मात्र न चुकता लावतात, आणि तिथे त्यांचा कान फुल्टनच्या तोडीचा आहे.

मार्चअखेरीचं घ्या. विकास सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात अख्खं गाव पैसे जमवायला पळतं. कोणी पाहुण्याकडून घेतो, कोणी अडत्याकडून, कोणी शेकड्याने देणाऱ्याकडून. सोसायटीत भरतो, एप्रिलमध्ये तेच कर्ज नव्याने उचलतो आणि हातउसने फेडतो. नवं-जुनं झालं. कागदावर कर्ज फिटलं, कागदावर नवीन मिळालं, आणि घरात एक रुपया आला नाही. "ह्ये चाक माझ्या बापापासून फिरतंय," आबा म्हणतात. "थांबल्यालं कोण बघितलंय?" लगेच कुठे किती गळती आहे तेही सांगतात: पंधरा दिवसांचं व्याज, कागदपत्रांचा खर्च, जायच्या-यायच्या पेट्रोलचे पैसे, बरोबरच्यांचा चहा. कर्जाच्या चाकातलं घर्षण ज्याला रुपया-पैशात पाठ आहे, त्याला सायकलच्या रिमेतलं दिसत नाही, ही न्हावऱ्यातली एक मोठी गंमत.

लग्नातल्या आहेराचंही त्यांनी असंच निरीक्षण केलं आहे. टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस या वस्तू वापरण्यासाठी नसतात, फिरण्यासाठी असतात. एका टॉवेलाच्या कोपऱ्यावर आबांनी टेस्टरने बारीक भोक पाडून ठेवलं होतं. तो टॉवेल पुढे दौंडच्या सोयऱ्यांकडून सन्मानपूर्वक परत आला, घडी न मोडता. काकींनी तो पुन्हा पेटीत ठेवला.

साखर कारखाना हा आबांचा हुकमी एक्का. ऊस पिळायचा, चिपाड बॉयलरला घालायचं, त्या वाफेवर पुढचा ऊस पिळायचा, शिवाय उरलेली वीज महावितरणला विकायची. "उसानं उसाला पिळलं! भाईरनं काय घातलं?" या प्रश्नावर फाट्यावर शांतता पसरते. काकींनी मात्र चुलीवरून मान न वळवता विचारलं, "आन् तोडला कुणी?"

तोडायला बीडहून, पाथर्डीहून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून दिवाळीआधी उचल घ्यायची, एप्रिलपर्यंत तोडून फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर. म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा यायचंच. पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई बघितली की रेडहेफरच्या माळ्यावरचा म्हातारा सुखात होता असं वाटतं. त्याला निदान बसायला जागा होती. त्या दिवशी आबा काही बोलले नाहीत. त्यांनी ग्लासातला चहा संपवला आणि विषय पावसावर नेला.

मध्यंतरी शेजारच्या वस्तीवर सौर कृषीपंप बसला. दिवसा चालतो, रात्री गप्प; बिबट्याशी संबंध नाही. काकी मुद्दाम बघून आल्या. "ह्याला वैरण वरनं हाय," म्हणून त्यांनी तो पास केला, आणि आपलाही अर्ज भरायला नातवाला बसवलं. चाकाचं बेअरिंग त्यांनी काढून कडबाकुट्टीला बसवून घेतलं आहे. तिथे ते उत्तम चालतं. आबांची नवीन जुळणी लोहचुंबकांवर आहे आणि ती पुढच्या पाडव्यापर्यंत होईल असं ते सांगतात.

न्हावऱ्याच्या ग्रामसभेला तोवर एक सुचवावंसं वाटतं. आबांना यंत्रापासून वेगळं करू नका, ते जमणार नाही. पण सोसायटीचा ताळेबंद, रस्त्याचं डांबर आणि पाणीयोजनेची बिलं तपासायला जी समिती नेमाल, तिच्यावर त्यांना घ्या. आणि काकी तयार असतील तर अध्यक्षपद त्यांना द्या.