अवर्गीकृत प्रतिनिधी

ज्ञानाच्या यच्चयावत शाखांना अंक देऊन त्यांची ठाणी मुक्रर करणारी, पाकशास्त्राला ६४१.५ आणि मराठी वाङ्मयाला ८९१.४६ ही जागा दाखवताना क्षणभरही न अडखळणारी मंडळी, ग्रंथालयशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी समोर उभा राहिला असता त्याला नेमके कोठे ठेवावे या विवंचनेत पडतात, हे मला एका जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या ग्रंथालय अधिवेशनात कळले. नोंदणीच्या मेजावर पाहुण्यांसाठी तांबडी फीत, प्रतिनिधींसाठी पिवळी आणि स्वयंसेवकांसाठी निळी असा चोख बंदोबस्त होता. सवलतीच्या शुल्कात आलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र कोणत्याच रंगाची तजवीज नव्हती. सबब मला फितीवाचून आत सोडण्यात आले. आणि ज्याअर्थी हा तरुण असून याच्या छातीवर काहीच नाही, त्याअर्थी हा मंडपवाल्याचा माणूस असावा, असा तर्क करून निम्मे अधिवेशन मला खुर्च्या सरकवण्यास, पंखा वाढवण्यास आणि हात धुण्याची जागा दाखवण्यास फर्मावत राहिले.

अशा प्रसंगी रंगनाथनांना शरण जावे. मुळात गणिताचे अध्यापक असलेले हे गृहस्थ १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, विलायतेस गेले, आणि लंडनच्या एका दुकानात मेकॅनोच्या सुट्या भागांतून नवनवी खेळणी तयार होताना पाहून त्यांना द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली. कोणताही विषय व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच अंगांनी पारखावा, असे त्या पद्धतीचे पुढे ठरलेले सूत्र. मागच्या रांगेत बसून मी ते स्वतःस लावून पाहिले : व्यक्तित्व संदिग्ध, द्रव्य परतीच्या एसटीपुरते, ऊर्जा सर्वस्वी चहावर अवलंबून, स्थल खांबाआड, आणि काल जेवणापूर्वीचा.

हा काल लांबला, कारण अध्यक्षीय भाषण बडोद्याहून निघाले. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, हे सारे अभिमानास्पदच. परंतु सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या १९६७ सालापर्यंत अध्यक्ष पोचेतो भोजनाची वेळ टळली होती, आणि तेथून आजवरचा प्रवास अद्याप बाकी होता. त्यानंतर एका विद्वानांनी रंगनाथनांच्या 'वाचकाचा वेळ वाचवा' या चौथ्या सूत्रावर निबंध वाचला. वेळ संपल्याच्या चिठ्ठ्या व्यासपीठावरून येत राहिल्या, आणि त्या ते एकामागून एक नीट घडी घालून खिशात ठेवीत राहिले. कागद टाकून देणे या व्यवसायात बसत नाही.

पंक्तीत माझ्या शेजारी एका तालुक्याच्या वाचनालयाचे वृद्ध ग्रंथपाल आले. "काय शिकता?" त्यांनी विचारले.

"ग्रंथालयशास्त्र."

"मग आधी अनुदान शिका."

आणि वरणभात कालवता कालवता त्यांनी ते शिकवलेही. अ, ब, क, ड हे ग्रंथालयांचे चार वर्ग; वर्गावर अनुदान ठरते, अनुदानावर ग्रंथपालाचे मानधन, आणि तपासणीस येणाऱ्या साहेबाच्या शेऱ्यावर वर्ग टिकतो. गावातील कोणी प्रतिष्ठित वारला की त्याचे चिरंजीव वडिलांची पंचांगे पोत्यात भरून भेट देतात, फलकावर नाव लावण्याचा तगादा लावतात, आणि पुस्तक मात्र कधी नेत नाहीत. मी उत्साहाने सांगितले की ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे पंचांगांची जागा ५२९.

"असेल," काका म्हणाले. "आमच्याकडे माळा."

माझ्या अभ्यासक्रमातील कोणत्याही ग्रंथाला ही स्थाननिश्चिती सुचली नसती, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सायंकाळच्या खुल्या सत्रात अनुदानवाढीचा आणि वेतनश्रेणीचा ठराव मांडला गेला. मसुदा मागलाच असून त्यात साल तेवढे बदलले आहे, अशी माहिती काकांनी माझ्या कानात दिली आणि स्वतःचा हात सर्वांच्या आधी वर केला. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला.